डेटाटाइप रूपांतर (प्रोग्रॅमिंग भाषा आणि डेटाबेस यांमधील)

प्रोग्रॅममधील मूल्य डेटाबेसच्या कॉलममध्ये साठवताना किंवा तेथून वाचताना त्याचा प्रकार बदलण्याची क्रिया. हे काम बहुधा ड्रायव्हर (प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांना जोडणारी लायब्ररी) परस्पर उरकतो. मूल्य जसेच्या तसे पोचले, किंवा पोचणार नसल्यास त्रुटी दाखवली गेली, तर रूपांतर सुरक्षित मानावे. मूल्य मुकाट्याने बदलणे हाच खरा धोका होय.

संख्यांच्या बाबतीत तो सर्वाधिक आढळतो. एसक्यूएलचा (डेटाबेसच्या प्रश्नभाषेचा) डेसिमल प्रकार दशांश अपूर्णांक अचूक ठेवतो. डबल हा प्रकार द्विमान (० आणि १ या दोनच अंकांत मांडलेला) असल्याने त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दिसते. म्हणून रकमांसाठी जावात बिगडेसिमल, पायथनमध्ये डेसिमल वापरतात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या बिगइंट या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंतचे पूर्णांक मावतात, तर जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच भरवशाचा. त्यापुढील ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या वाचली की शेवटचा ३ जाऊन २ येतो. खातेक्रमांक जवळपास बरोबर असून भागत नाही. नोडसाठीचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीसाठीचा) पोस्टग्रेस ड्रायव्हर बिगइंट मुळातच स्ट्रिंग (मजकूर) म्हणून देतो तो यासाठी. नवख्यांना ही खोड वाटते आणि ते लगेच पार्सइंट (मजकुराची संख्या करणारे फंक्शन) लावून संरक्षण घालवून बसतात.

नलची (मूल्यच नसल्याच्या खुणेची) गत निराळी. जावाच्या जेडीबीसीमध्ये (डेटाबेसशी बोलण्याच्या सोयीत) गेटइंट ही मेथड नलसाठी ० परत करते. शिल्लक शून्य की नोंदच नाही, हे वॉजनल या मेथडला विचारल्याशिवाय कळत नाही. गो भाषा साध्या पूर्णांकात नल घेण्यास नकार देते, आणि तेच बरे. ओरॅकल हा डेटाबेस रिकामी स्ट्रिंग नलच समजतो.

डेटाबेसही कमी-अधिक कडक असतात. स्ट्रिक्ट मोड (न मावणारे मूल्य नाकारणारी सेटिंग) नसताना मायएसक्यूएल टायनीइंट या लहान पूर्णांकाच्या कॉलममध्ये ३०० ऐवजी १२७ ठेवून केवळ इशारा देई; ५.७ आवृत्तीपासून हा मोड आपोआप चालू असतो. एसक्यूलाइट पूर्णांकाच्या कॉलममध्ये अक्षरेही स्वीकारतो. २०२१ मध्ये त्यात स्ट्रिक्ट (प्रकार काटेकोर पाळणाऱ्या) टेबलांची सोय झाली.

तारखेला वेळ चिकटली की भारतात हमखास घोळ होतो. १ मे १९९० ही जन्मतारीख स्थानिक मध्यरात्र म्हणून वाचून यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) लिहिली, तर ३० एप्रिल, १८:३० उरते. देवनागरीची अडचण लांबीची: यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात तिचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ओरॅकलमध्ये लांबी बाइटमध्ये मोजली जात असेल, तर ३० बाइटच्या कॉलममध्ये ‘महाराष्ट्र’ हा एकच शब्द मावतो. येथे निदान त्रुटी तरी येते.

मूल्ये पॅरामीटर म्हणून (क्वेरीच्या मजकुरात न मिसळता वेगळी) पाठवल्याने एसक्यूएल इंजेक्शन (मूल्यातून घुसवलेली घातक आज्ञा) टळते, चुकीचा प्रकार मात्र टळत नाही. व्हारकार (मजकुराच्या) कॉलमची तुलना संख्येशी केल्यास मायएसक्यूएल दोन्ही बाजू फ्लोटमध्ये (द्विमान अपूर्णांकात) बदलतो. ती संख्या ० असेल, तर अक्षराने सुरू होणारी प्रत्येक नोंद जुळते आणि इंडेक्सही (शोध जलद करणारी सूची) वापरला जात नाही.