घरगुती संगणकांवरील बोलते संवाद प्रोग्राम

१९८०च्या दशकातील घरगुती संगणकांवर टंकलिखित गप्पांना कृत्रिम आवाज जोडण्याची पद्धत. गप्पा एलायझासारख्या प्रोग्रामशी असत, नाहीतर मोडेमच्या (फोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या यंत्राच्या) पलीकडे बसलेल्या माणसाशी.

जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये जगापुढे मांडलेल्या एलायझाची बेसिक या प्रोग्रामिंग भाषेतील आवृत्ती १९७७ मध्ये मासिकात छापून आली आणि घरोघरी टाइप केली गेली. प्रोग्रामची अक्कल बेताचीच. वापरणाऱ्याच्या वाक्यातले ‘माझे’ काढून ‘तुमचे’ घालायचे आणि तेच प्रश्न म्हणून परत करायचे. तरी उत्तर कानावर पडले की समोर कोणीतरी आहे असे वाटे. ही करामत प्रोग्रामपेक्षा आवाजाचीच म्हणावी लागेल.

आवाज दोन मार्गांनी मिळे. व्होट्रॅक्स एससी-०१ किंवा एसपी०२५६-एएल२ अशा चिपमध्ये उच्चारांचे तुकडे आधीच साठवलेले असत. दुसरा मार्ग निव्वळ सॉफ्टवेअरचा. त्यातला गाजलेला प्रोग्राम म्हणजे १९८२ चा सॅम. त्याच्यासोबतचा ‘रिसायटर’ इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार ठरवी. संवादासाठी हे आवश्यकच होते, कारण समोरून काय येणार हे आधी ठाऊक नसते. नियमांत न बसणारी नावे मात्र हमखास बिघडत.

सॅमची खरी अडचण वेळेची. बोलताना सगळा प्रोसेसर त्यातच गुंतलेला. अटारी संगणकावर चित्र काढणारी चिपही प्रोसेसरचा वेळ खाई, म्हणून सॅम बोलताना पडदाच बंद करी. उत्तर ऐकायचे तर ते त्याच वेळी वाचता येत नसे. पडदा चालू ठेवण्याची सोय होती, पण मग आवाज खरखरे. कमोडोर ६४ या संगणकावर ध्वनिचिपच्या आवाजाची पातळी झपाट्याने बदलून बोलणे उमटवत. या पातळ्या फक्त १६, त्यामुळे शब्दांमागे कायम खरखर.

मोडेमवर आणखी एक पेच. ३०० बॉड या मोडेमच्या वेगाने सेकंदाला साधारण ३० अक्षरे येतात, तर बोलण्याचा वेग त्याच्या निम्मा. मजकूर साठवून ठेवला नाही तर पुढची अक्षरे हरवत. स्वतःचा प्रोसेसर असलेल्या ‘टाइप एन टॉक’सारख्या बाहेरच्या पेटीने हे ओझे संगणकावरून उतरवले, तिला मजकूर पाठवला की काम झाले.

१९८५ च्या अमिगा संगणकात वाणी संश्लेषण, म्हणजे मजकूर बोलून दाखवण्याची सोय, सिस्टीमसोबतच आले. ध्वनी वाजवण्याचे काम वेगळ्या चिपकडे आणि अनेक प्रोग्राम एकाच वेळी चालवण्याची सोय, यांमुळे बोलताना बाकी सगळे थांबवण्याची गरज तिथे उरली नाही.