सजगता आणि विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य : ठाणे व नवी मुंबई

चालू क्षणी मनात आणि शरीरात जे चालले आहे ते चांगले-वाईट न ठरवता लक्षपूर्वक पाहण्याचा सराव म्हणजे सजगता. महाविद्यालयांत तिला ‘माइंडफुलनेस’ म्हणतात. मूळ बौद्ध परंपरेतील. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात धार्मिक संदर्भ बाजूला ठेवून तिचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. इगतपुरीची दहा दिवसांची मौन विपश्यना शिबिरे त्याच मुळाची, पण बरीच कडक.

परीक्षेच्या काळात मुलांना अभ्यासाइतकीच थकवते ती विचारांची साखळी : केटी (नापास विषय मागे राहणे) लागली तर, मग प्लेसमेंट, मग घरचे. सजगतेने हा विचार थांबत नाही. ‘हा एक विचार आहे’ एवढे ओळखता येते आणि त्याच्यामागे फरफटणे कमी होते. केंब्रिज विद्यापीठातील ६१६ विद्यार्थ्यांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांच्या वर्गामुळे परीक्षाकाळातील मानसिक त्रास कमी झालेला दिसला. ब्रिटनमधील शालेय मुलांवरच्या मोठ्या चाचणीत मात्र २०२२ मध्ये असा फायदा आढळला नाही. त्यामुळे सभागृहात दोनशे मुलांना तासभर डोळे मिटायला लावून ‘माइंडफुलनेस झाले’ म्हणणाऱ्या कार्यशाळेकडून फार अपेक्षा धरू नये.

कल्याण-डोंबिवलीहून ठाण्यात उतरून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, वाशी किंवा नेरूळला शिकायला जाणाऱ्या मुलाला घरी निवांत कोपरा क्वचितच मिळतो. वन बीएचकेत तर नाहीच. सुदैवाने या सरावाला आसन किंवा शांतता लागतेच असे नाही. गाडीत उभ्याने तळपायांवरचा भार जाणवून घेणे, दहा श्वास मोजणे, मोबाइल खिशात ठेवून स्टेशने जाऊ देणे, हेही चालते. रोजची पाच मिनिटे रविवारच्या एका तासापेक्षा उपयोगी, असे शिकवणारे सांगतात.

फी, जागरणे, रॅगिंग किंवा घरातील मारहाण यांवर सजगता हा उपाय नव्हे. जुना आघात असलेल्या काहींना डोळे मिटून बसल्यावर अस्वस्थता वाढते. त्यांनी सराव थांबवून समुपदेशकाला भेटावे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून ठाण्यात मनःस्वास्थ्याच्या क्षेत्रात काम करते. आत्महत्येचे विचार येत असल्यास श्वासावर लक्ष ठेवत न बसता १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ला फोन करावा, ही सरकारी सेवा मोफत, चोवीस तास आणि मराठीतही आहे.