इंकजेटवर घरी पीसीबी: ‘फिल्म धुतलीच जात नाही’ म्हणण्याआधी

घरी पीसीबी, म्हणजे सर्किटचा तांब्याचा बोर्ड बनवायला आमच्याकडून ड्राय फिल्म (तांब्यावर चिकटवायची, यूव्ही म्हणजे अतिनील उजेडाने कडक होणारी फिल्म) नेऊन परत घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: “तुमची फिल्म खराब आहे, धुतलीच जात नाही.” बोर्ड बघायला मागितला की फिल्म ठीक निघते. बिघडलेली असते ती ट्रान्सपरन्सी, म्हणजे सर्किटचं चित्र छापलेलं पारदर्शक पान.

त्याआधी, प्रिंट इस्त्रीने बोर्डावर उतरवता येते का, ते एकदाच सांगून टाकतो. लेझर प्रिंट इस्त्रीने तांब्यावर उतरते, कारण टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड. ती वितळून चिकटते. इंकजेटची शाई वितळत नाही, कितीही दाबा. इंकजेटवाल्यांनी ट्रान्सपरन्सी, ड्राय फिल्म आणि यूव्ही हाच रस्ता धरावा.

आपली ड्राय फिल्म निगेटिव्ह आहे. जिथे यूव्ही पडतो तिथे ती कडक होऊन टिकते, बाकीची सोड्याच्या पाण्यात धुऊन जाते. म्हणून ट्रॅक (बोर्डावर राहायला हव्यात त्या तांब्याच्या रेषा) पारदर्शक आणि उरलेलं सगळं काळं छापायचं. घोळ होतो तो या काळ्यातच. कागदावर प्रकाश शाईतून आत जातो आणि परतताना पुन्हा शाईतूनच येतो, त्यामुळे पातळ शाईसुद्धा गडद दिसते. ट्रान्सपरन्सीतून तो एकदाच जातो. डोळ्यांना चालून जाणारं काळं यूव्हीला अडवतंच असं नाही. मग दोन ट्रॅकमधली फिल्मही अर्धवट कडक होते. ती निघेना म्हणून तुम्ही सोडा वाढवता, ब्रश घासता, शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून कॉस्टिक सोडा ओतता. कॉस्टिक हे काम झाल्यावर फिल्म सोलून काढायचं रसायन. ते ट्रॅकवरच्या फिल्मसकट सगळी फिल्म उचलतं. संध्याकाळ वाया जाते आणि बोल लागतो आमच्या रोलला.

छापलेलं पान साध्या पेटत्या बल्बसमोर धरा. काळ्यातून बल्बचा आकार दिसला किंवा आडवे फिकट पट्टे दिसले, तर ते पान वापरू नका. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ‘ट्रान्सपरन्सी’ आणि दर्जा सर्वांत वरचा ठेवा. ‘फोटो पेपर’ निवडलं की काही प्रिंटर काळी शाई बाजूला ठेवून तीन रंगांचं काळं बनवतात. ते यूव्हीपुढे टिकत नाही. तरीही भागलं नाही तर दोन प्रती रेषेला रेष जुळवून एकावर एक चिकटवा. आम्ही स्वतः सरसकट असंच करतो.

पान इंकजेटचंच हवं. लेझरच्या गुळगुळीत पानावर शाईचे थेंब जमतात. ओलसर बोट ज्या बाजूला किंचित चिकटतं, ती छापायची बाजू. एक्स्पोज करताना, म्हणजे फिल्मवर यूव्ही पाडताना, हीच बाजू तांब्याकडे, वर काच घट्ट दाबून. शाई वर राहिली तर पानाच्या जाडीतून उजेड कडेने शिरतो आणि बारीक रेषा बिघडतात. म्हणजे बोर्डाच्या खालच्या बाजूचा लेयर स्क्रीनवर दिसतो तसाच छापा, वरच्या बाजूचा मात्र मिरर (आरशातल्यासारखा उलटा) करून. ‘फिट टू पेज’ बंद करा. दोन रांगांच्या ४० पिनी (डीआयपी) आयसीच्या, म्हणजे चिपच्या, एका रांगेत पहिल्या आणि शेवटच्या पिनेच्या मध्यांत ४८.२६ मिमी अंतर असतं. प्रिंटवर मोजून बघा. ९७ टक्क्यांवर छापलं तर जवळपास दीड मिमीचा फरक पडतो आणि आयसी बसत नाही.

डेव्हलपरला, म्हणजे फिल्म धुवायच्या पाण्याला, एक लिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा पुरे. खाण्याचा नको. आणि धुण्याआधी फिल्मवरचं दुसरं पारदर्शक आवरण सोला! हसू नका, तेही तसंच ठेवून परत आलेले बोर्ड आम्ही पाहिलेत.

प्रत्येक रोलची एक पट्टी धुऊन बघितल्यावरच आम्ही फिल्म कापतो. फोडलेलं पाकीट परत घेत नाही, यावर काही जण रागावतात. पण तिने किती उजेड खाल्लाय हे आम्हाला कळायला मार्ग नसतो. पाकिटात बोटभर जादा तुकडा असतो, तो एक्स्पोजर तपासायला. त्यावर पुठ्ठा ठेवून दर ३० सेकंदांनी थोडा सरकवा, म्हणजे तुमच्या दिव्याला किती वेळ लागतो ते कळेल. तरी अडलं तर बोर्ड आणि ट्रान्सपरन्सी दोन्ही घेऊन या, बघण्याचे पैसे नाहीत.

इंकजेटची पानं सुटी दोनसुद्धा देतो, पूर्ण पाकीट घ्यायला हवं असं नाही. फेरिक क्लोराईड, म्हणजे बोर्डावरचं उघडं तांबं खाऊन टाकणारं रसायन, मात्र आमच्याच प्लास्टिकच्या बाटलीत. एकदा एका गिऱ्हाइकाने ते पत्र्याच्या झाकणाच्या बरणीत नेलं. दुसऱ्या आठवड्यात झाकणाला भोक आणि कपाटाला डाग.