हरताळाचा खडा आणि पोथीचं पान

‘नियमांना हरताळ फासला’ हे वाक्य पेपरात सारखं येतं. त्यातला हरताळ म्हणजे एक खनिज, गंधक आणि आर्सेनिकचं. सोन्यासारखं पिवळं, पापुद्र्यांचं, नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ. पोथी लिहिताना अक्षर चुकलं, की लेखनिक हरताळ डिंकाच्या पाण्यात खलून त्यावर फासायचा आणि वाळल्यावर त्याच जागी बरोबर अक्षर लिहायचा. पान उजेडात तिरपं धरलं, तर कधीकधी त्या पिवळ्या पट्ट्याखालची जुनी काळी शाई पुसटशी दिसते. सबंध पोथीत मला हीच जागा सगळ्यात जिवंत वाटते. लिहिणाऱ्याचा हात इथे थांबला होता.

म्हणूनच खनिजाच्या नमुन्याशेजारी जुन्या सुलेखनाचं पान मांडायची संग्राहकांची हौस मला उपरी वाटत नाही. दगड पोथीत आधीपासूनच होता. समासाच्या लाल रेघांना नि अध्यायसमाप्तीला हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज. कागदाला तकाकी यावी म्हणून घोटायला गुळगुळीत दगड. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा अशाच हातकागदाचा. काळी शाई तेवढी काजळाची.

पुण्यात या जोडीच्या दोन्ही बाजू सापडतात. १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेकडे पुढच्याच वर्षी सरकारी हस्तलिखितांचा संग्रह आला. पेशवे दफ्तरात मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत: आधी कागदभर आडवी रेघ, मग बोरू शक्यतो न उचलता तिला लटकवलेली अक्षरं. आणि पायाखाली काळा पाषाण. त्याच्या पोकळ्यांतले स्फटिक बोरघाटातल्या रेल्वेच्या कामात निघाले (घाट १८६३ मध्ये खुला झाला) आणि परदेशी संग्रहालयांत पोचले. पुढे पुण्यातल्या पाषाण या भागातल्या खाणींतला हिरवा अपोफिलाइट हा स्फटिक नावाजला. कॅव्हन्साइट हा निळा स्फटिक आधी, १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या ओरेगॉनला मिळाला, पण त्याचे सर्वोत्तम नमुने पुण्याजवळच्या वाघोलीचेच मानले जातात.

वाघोलीचा निळाभोर खडा मोडीच्या पानाशेजारी सुंदर दिसतो, यात वाद नाही. दख्खनच्या दगडात हरताळ मिळत नाही, तो बाहेरूनच यायचा. तरी पोथीच्या पानाशेजारी मी हरताळच ठेवीन. विषारी असल्यामुळे काचेच्या बंद पेटीत आणि उन्हापासून लांब, कारण उजेडानं हरताळ फिका पडतो, हिंगूळ काळवंडतो. पान मूळ असेल, तर मांडणीत त्याची प्रत लावावी आणि मूळ रुमालात बांधून ठेवावं.