टेखचं शुद्धिपत्र

ही गोष्ट ‘टेख’ या मजकूर जुळवणाऱ्या प्रोग्रॅमची, पण तिची सुरुवात युनिक्सपासून. युनिक्स या संचालन प्रणालीला स्वतःचं धड यंत्र मिळालं ते मजकूर जुळवण्याच्या नावाखाली. एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेने १९६९ साली एका मोठ्या संचालन प्रणालीच्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं होतं, त्यामुळे ‘आणखी एक संचालन प्रणाली लिहितो’ असं म्हटलं की वरिष्ठ हात आखडता घेत. मग युनिक्सचे कर्ते केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मागणी वेगळ्या शब्दांत पुढे गेली: आम्हाला पीडीपी-११ संगणक द्या, आम्ही मजकुराची मांडणी करणारी व्यवस्था उभी करून देतो. यंत्र आलं, आणि १९७१च्या उत्तरार्धात संस्थेच्या पेटंट विभागातले तीन टंकलेखक त्यावर काम करू लागले. पुढे जो ओसाना यांनी फोटोटाइपसेटरसाठी, म्हणजे प्रकाशाने अक्षरं उमटवणाऱ्या यंत्रासाठी, ‘टीरॉफ’ हा जुळणीचा प्रोग्रॅम लिहिला. ब्रायन कर्निगन आणि लोरिंडा चेरी यांनी गणिताची समीकरणं मांडायची सोय केली, माइक लेस्क यांनी तक्त्यांची. अक्षरजुळणी हे असं युनिक्सचं माहेर.

आणि तरी दिव्याखाली अंधार. १९८४ साली एटी अँड टीचं विभाजन झालं, संगणक विकण्यावरची जुनी बंधनं सुटली, आणि १९८५ साली कंपनीने टेबलावर मावणारा ‘युनिक्स पीसी’ बाजारात आणला. मॉडेल ७३००, थोडा थोरला भाऊ ३बी१. बनवला होता कन्व्हर्जंट टेक्नॉलॉजीज या कंपनीने. आत मोटोरोला ६८०१० हा १० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ७३००मध्ये अर्ध्या मेगाबाइटपासून सुरू होणारी मेमरी, हिरव्या अक्षरांचा ७२० बाय ३४८ ठिपक्यांचा पडदा, तीन बटणांचा माउस आणि अंगचाच, सेकंदाला १२०० बिट्‌सचा मोडेम. प्रणाली अस्सल सिस्टम फाइव्ह, म्हणजे एटी अँड टीची स्वतःची युनिक्स. पण ज्या साधनांच्या जोरावर युनिक्स मोठी झाली, ती टीरॉफ मंडळी एव्हाना ‘डॉक्युमेंटर्स वर्कबेंच’ या नावाने मूळ प्रणालीपासून वेगळी काढून निराळ्या किमतीला विकली जात होती. घरी हौसेने युनिक्स घेतलेल्या माणसाला प्रबंध छापायचा असेल, तर आणखी पैसे मोजायचे किंवा फुकटात काही मिळतं का ते पाहायचं.

फुकटातलं होतं, आणि टीरॉफहून सरस होतं. त्याचं नाव रोमनमध्ये लिहिलं की लोक ‘टेक्स’ वाचतात. पण ती ग्रीक अक्षरं आहेत, ताउ, एप्सिलॉन आणि खी. देवनागरीत ‘टेख’ लिहिलं की मूळ उच्चाराच्या बरंच जवळ जाता येतं. इंग्रजी वाचकाला जे परिच्छेदभर समजावून सांगावं लागतं ते आपल्याकडे एका अक्षरात भागतं.

टेखचा जन्म रागातून झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड कनूथ यांच्या संगणकशास्त्रावरच्या ग्रंथमालेचा दुसरा खंड १९६९ साली मोनोटाइपच्या शिशाच्या खिळ्यांनी जुळवला गेला होता. १९७७ साली त्याच खंडाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं आली ती फोटोटाइपसेटिंगने केलेली, आणि अक्षरं पाहून त्यांचं मन उतरलं. त्यांनी स्वतःच जुळणीचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पहिली आवृत्ती स्टॅनफर्डच्या एका मोठ्या यंत्रापुरती आणि तिथल्याच खास भाषेत होती. दुसरीकडून मागण्या येऊ लागल्या तेव्हा कनूथ यांनी डागडुजी न करता १९८२ साली सगळं नव्याने लिहिलं. आपली गोष्ट या दुसऱ्या लेखनाची आहे.

या वेळी त्यांनी पास्कल ही प्रोग्रॅमिंगची भाषा निवडली, तीही तिच्यातले चकचकीत भाग टाळून. प्रोग्रॅम थेट पास्कलमध्ये न लिहिता त्यांनी ‘वेब’ नावाची स्वतःची लेखनपद्धत केली (महाजालाशी तिचा काही संबंध नाही, ते अजून जन्मायचं होतं). एकाच फायलीत माणसासाठी विवेचन आणि यंत्रासाठी सूचना एकमेकींत विणलेल्या. ‘टँगल’ नावाचा प्रोग्रॅम त्यातून यंत्राला लागणारं पास्कल काढतो, ‘वीव्ह’ वाचायचं पुस्तक काढतो. टेखची ही मूळ फाइल सुमारे २५,००० ओळींची, साधारण एक मेगाबाइटची.

आता कळीची अट: या फायलीला कोणी हात लावायचा नाही. पण प्रत्येक यंत्राची रीत निराळी. फायली कुठे ठेवायच्या, कळफलकावरून ओळ कशी वाचायची, मेमरी किती वापरायची, हे स्टॅनफर्डमध्ये बसून कसं ठरणार? त्यासाठी ‘चेंज फाइल’. जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं ते आठवा: पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. चेंज फाइल म्हणजे नेमकं तेच. मूळच्या या ओळी, त्यांच्या जागी या ओळी. टँगल दोन्ही फायली शेजारी ठेवून वाचतो आणि शुद्धिपत्रातली ‘अशुद्ध’ ओळ मूळ फायलीत हुबेहूब सापडली नाही, तर ओरडतो. कनूथ यांनी मूळ फायलीत एखादी चूक दुरुस्त केली की जगभरच्या लोकांनी फक्त नवी मूळ फाइल घ्यायची आणि आपलं जुनं शुद्धिपत्र पुन्हा चालवायचं. मला टेखमधली सर्वांत मोठी करामत ही वाटते. ओळी तोडण्याचं त्याचं गणित सुंदर आहे यात वाद नाही, पण सुंदर गणिताचे कितीतरी प्रोग्रॅम आपापल्या यंत्राबरोबर भंगारात गेले.

ते गणित थोडक्यात असं. खिळे जुळवणारा कंपोझिटर स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या साच्यात, एक ओळ भरतो, शब्दांमधल्या जागा कमीजास्त करून ती घट्ट बसवतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. टेख एकेक ओळ न पाहता परिच्छेद एकदम पाहतो. प्रत्येक शब्द एक डबी, दोन डब्यांमध्ये ताणता आणि दाबता येणारा डिंक. डिंक किती ताणला त्याच्या घनाच्या प्रमाणात ‘वाईटपणा’ मोजायचा आणि साऱ्या परिच्छेदाची गोळाबेरीज सर्वांत कमी होईल अशा जागी ओळी तोडायच्या. त्यासाठी कधीकधी पहिली ओळ थोडी सैल सोडावी लागते, कारण तिच्यामुळे पाचवी ओळ सावरते.

हे निर्णय सगळ्या यंत्रांवर सारखेच व्हायला हवेत. दशांश अपूर्णांकांचं गणित त्या काळी प्रत्येक यंत्र आपल्या पद्धतीने करी आणि शेवटचा आकडा इकडचा तिकडे होई. एका आकड्यापायी ओळ वेगळ्या जागी तुटली की पुढची सगळी पानं सरकणार. म्हणून टेख पॉइंट या छपाईतल्या मापाचे ६५,५३६ भाग करतो आणि सगळी मापं त्या भागांच्या पूर्णांकांत मोजतो. असा एक भाग सुमारे ५.४ नॅनोमीटरचा, दृश्य प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या शंभरेक पट. अपूर्णांक वापरलेत ते फक्त ओळ ठरल्यानंतर डिंक किती ताणायचा तिथे, म्हणजे चुकले तरी निर्णय बदलू नयेत. ज्या युनिक्स पीसीत अपूर्णांकांसाठी वेगळी चिप नव्हती त्याला हे सोयीचंच पडलं.

तरीही तिथवर पोचायला वाट वाकडी होती. एटी अँड टीच्या युनिक्सची मातृभाषा सी, आणि टेख पास्कलमधला. हॉवर्ड ट्रिकी आणि पॅव्हेल कर्टिस यांनी व्हॅक्स संगणकावरच्या युनिक्ससाठी शुद्धिपत्र केलं होतं, पण ते तिथल्या पास्कलवर बेतलेलं. १९८७ साली टॉमस रोकिकी यांनी टँगलमधून निघालेलं पास्कल आपोआप सी भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम तयार केला. टिम मॉर्गन आणि नंतर कार्ल बेरी यांनी तो वाढवला. सी आलं की छोट्या युनिक्स यंत्रांचं दार उघडलं. मात्र उतरवलेली सी फाइल इतकी अजस्र होई की बऱ्याच कंपायलरांना (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनांना) ती घशाखाली जात नसे. म्हणून तिचे नऊ-दहा तुकडे करणारा आणखी एक प्रोग्रॅम.

पुढची अडचण मराठी माणसाला चटकन समजेल. आपण लिहितो २५, पण म्हणतो ‘पंचवीस’, पाच आधी आणि वीस मागून. व्हॅक्सच्या मेमरीत मोठी संख्या आपल्या बोलण्यासारखी, लहान टोक आधी, ठेवली जाते. मोटोरोलात लिहिण्यासारखी, मोठं टोक आधी. टेख मेमरीतल्या एकाच ‘शब्दाला’, म्हणजे बाइटांच्या एका गटाला, कधी पूर्ण संख्या, कधी दोन अर्धे, कधी चार पाव म्हणून वाचतो. व्हॅक्सवर बेतलेली मांडणी तशीच मोटोरोलावर आणली तर अर्ध्यांची अदलाबदल होते आणि टेख पहिल्याच परिच्छेदात भरकटतो. कनूथ यांनी फाँटची मापं आणि छापील पानाचं वर्णन या फायलींमध्ये बाइटचा क्रम बांधून दिला होता, म्हणून त्या कुठूनही कुठेही जात. पण सुरुवातीची तयारी भरून ठेवलेली ‘फॉरमॅट’ फाइल म्हणजे त्या यंत्राच्या मेमरीची छबी. ती ज्याने त्याने आपल्याच यंत्रावर बनवायची.

मग सिस्टम फाइव्हचा चौदाचा फेरा. तिथे फायलीचं नाव चौदा अक्षरांपलीकडे जात नसे. जुन्या पद्धतीत फाँटच्या फायलीचं नाव म्हणजे फाँटचं नाव, टिंब, चार आकडी विवर्धन आणि शेवटी तीन अक्षरं. टेखसोबतच्या कॉम्प्युटर मॉडर्न या फाँट-घराण्यातल्या ठळक चिन्हांच्या फाँटचं नाव सात अक्षरांचं. टिंब, चार आकडे आणि तीन अक्षरं धरून पंधरा झाली. पंधरावं गुपचूप गळून जायचं. गंमत म्हणजे फाइल उघडतानाही नाव तसंच छाटलं जाई, त्यामुळे काम चालून जाई. पंचाईत व्हायची ती चौदाव्या अक्षरापर्यंत सारखी असलेली दोन नावं समोर आली की: दुसरी फाइल पहिलीला गिळायची, तक्रार न करता.

एवढं करून टेख चालला तरी त्याला ‘टेख’ म्हणता येईलच असं नाही. प्रोग्रॅम कोणीही घ्यावा, पण नाव राखीव. त्यासाठी ‘ट्रिप’ नावाची परीक्षा आहे. ही मजकुराची एक मुद्दाम वेडीवाकडी केलेली फाइल. कोणी शहाणा माणूस असं काही जुळवणार नाही, पण टेखच्या कोपऱ्याकोपऱ्यातल्या सूचना ती चालवायला लावते. निघालेली नोंदवही कनूथ यांच्या नोंदवहीशी ओळीला ओळ जुळली, तरच तो टेख.

आता वाटपाचं. युनिक्ससाठीचा टेख चुंबकीय फितीच्या मोठ्या रिळांवर मिळे. तो जमवून पाठवण्याचं काम सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले पिएर मॅके बघत. ते प्राचीन भाषांचे आणि अरबीचे अभ्यासक, म्हणजे स्वतःच्या मजकुरासाठी या वाटेला आलेले. पण घरच्या युनिक्स पीसीला तसली रिळं कुठून लागणार? त्याच्याकडे सव्वापाच इंची फ्लॉपी, जेमतेम ४०० किलोबाइटची, आणि तो मोडेम. १२०० बिट्‌स म्हणजे सेकंदाला १२० अक्षरं. टेखची नुसती मूळ फाइल आणायला जवळजवळ अडीच तास, तेही मध्ये फोन तुटला नाही तर. आणि हा झाला फक्त टेख. फाँट, छपाईचे प्रोग्रॅम वेगळेच.

त्यामुळे इथे शुद्धिपत्राची खरी किंमत कळते. मूळ फाइल एकदा हाती आली की पुढे फक्त बदललेल्या ओळी पाठवायच्या. तयार प्रोग्रॅम पाठवायचा तर त्यातले बाइट साध्या अक्षरांत उतरवावे लागत, कारण तारेवरून मजकूरच सुखरूप जाई. तीन बाइटांची चार अक्षरं होत. मग त्याचे तुकडे करून, क्रमांक घालून, एकामागोमाग पाठवायचे. एक गोष्ट मात्र युनिक्स पीसीवाल्यांच्या पथ्यावर पडली. ही सगळी यंत्रं एका साच्यातली. एकाने कंपायलरशी झटून टेख उभा केला की बाकीच्यांना तो जसाच्या तसा चाले.

छापताना पुन्हा घासाघीस. लेझर प्रिंटरच्या इंचाला ३०० ठिपक्यांनी अमेरिकी मापाचं पान भरायचं तर ८४ लाखांवर ठिपके होतात, म्हणजे सुमारे एक मेगाबाइट. ७३००च्या मूळ मेमरीत अख्खं पान मावतच नसे, म्हणून छापणारा प्रोग्रॅम ते आडव्या पट्ट्यांत कापून एकेक पट्टा पाठवी. पडद्यावर पान बघायचं म्हटलं तर तिथे ठिपके त्याच्या चौतिसाव्या हिश्शाइतके. पान खिडकीतून झाडाकडे पाहावं तसं तुकड्या-तुकड्याने दिसे.

या सगळ्यात देवनागरी कुठे होती? फार लांब नव्हती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी जोडलेल्या केंद्रात काम करणारे पीयूष घोष यांचा भारतीय लिप्यांची अक्षररचना आणि जुळणी यांवरचा अहवाल १९८३ सालीच स्टॅनफर्डने काढला होता. आणि १९९१ साली नेदरलँड्‌समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातले फ्रान्स वेल्टहाउस यांनी टेखसाठी देवनागरीचा संच दिला. टेखच्या आत काही बदललं नाही. रोमन कळांनी टाइप केलेला मजकूर वाचून जोडाक्षरं आणि मात्रा लावणारा एक छोटा सी प्रोग्रॅम टेखच्या आधी चालवायचा, एवढंच. जिथे सी आणि टेख आहे तिथे तो चालणार. त्या संचात अक्षरांची दोन वळणं होती, मुंबईचं आणि कलकत्त्याचं. अ, झ, ण यांसारखी अक्षरं दोन्हीकडे वेगळी निघत, आणि एका आज्ञेने मुंबईचा अ छापता येई.