पार्श्वभूमी : पॉलिएस्टरच्या धुलाईचा बदलता सल्ला

पॉलिएस्टरच्या कपड्यांची घरी काळजी कशी घ्यावी याविषयी आज परस्परविरोधी सल्ले मिळतात, कारण हा कपडा मुळात काळजी घ्यावी न लागणारा म्हणून विकला गेला. ब्रिटनमध्ये 1941 साली या तंतूचा शोध लागला आणि महायुद्धानंतर, 1950च्या दशकात, रात्री धुऊन सकाळी इस्त्रीविना घालता येणारे कपडे बाजारात आले. त्या दाव्यात तथ्य होते. पॉलिएस्टर हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या जेमतेम 0.4 टक्के घेतो, तर कापूस सुमारे 8 टक्के; म्हणून तो लवकर वाळतो. कारखान्यात ताणून, तापवून घडवलेला त्याचा आकार सहजासहजी मोडतही नाही.

मात्र उष्णतेने बसवलेला आकार उष्णतेनेच बिघडतो. साधारण 70 ते 80 अंश सेल्सिअसच्या पुढे तंतू मऊ पडू लागतो. कढत पाण्यात धुतलेला कपडा त्याच अवस्थेत पिळला, तर पडलेल्या सुरकुत्या गार होताना पक्क्या होतात आणि पुढे नुसत्या धुण्याने जात नाहीत. वॉशिंग मशीनमध्ये पिळण्याआधी पाणी हळूहळू गार करणारी, कमी वेगाने फिरणारी वेगळी धुलाई आली ती यासाठीच. इस्त्रीचेही तसेच आहे. तंतू वितळतो सुमारे 250 ते 260 अंशांना, पण नुकसान त्याच्या कितीतरी आधी दिसते : शिवणीवर, खिशाच्या कडेवर, जिथे कापडाचे दोन-तीन थर एकत्र येतात तिथे तंतू चेपून चकाकणारा पट्टा उमटतो आणि तो परत जात नाही. कपडा उलटा करून कोमट इस्त्री फिरवण्याचा जुना सल्ला म्हणूनच आजही योग्य आहे.

खरा वाद आहे तो पाण्याच्या तापमानाचा. युरोपात 1960च्या दशकात काळजीची चिन्हे रूढ झाली आणि अमेरिकेत 1970च्या दशकाच्या सुरुवातीला सूचनांचे लेबल सक्तीचे झाले. पाण्याच्या टबाच्या चिन्हातला 30, 40 किंवा 60 हा आकडा कमाल मर्यादा सांगतो. त्यापुढे जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. घरोघरी मात्र तो शिफारस म्हणून वाचला जातो आणि त्यामुळे प्रश्न चुकीच्या जागी अडतो. पॉलिएस्टर पाण्याला दूर ठेवतो, पण तेलाला धरून ठेवतो. कॉलरच्या आतल्या घडीवर आणि काखेत साचणारा त्वचेचा तेलकटपणा गार पाण्यात घट्ट होतो, कोमट पाण्यात सुटतो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यायामानंतरच्या पॉलिएस्टरच्या शर्टांचा वास सुती शर्टांपेक्षा अधिक उग्र आढळला आणि वास निर्माण करणारे काही जिवाणू या कापडावर जास्त वाढलेले दिसले. घामाचे कपडे सतत गार पाण्यातच धुण्याचा आग्रह इथे कमी पडतो.

गार धुलाईच्या बाजूनेही भक्कम कारणे आहेत. मशीनची बरीचशी वीज पाणी तापवण्यातच जाते, आणि 1980च्या दशकाच्या अखेरीस धुण्याच्या पावडरीत चरबी तोडणारी विकरे (एन्झाइम) आल्यापासून कमी तापमानालाही डाग निघू लागले. त्यामुळे 60वरून 40 आणि पुढे 30 हा प्रवास अवाजवी म्हणता येत नाही. तरीही रोजच्या वरवर मळलेल्या कपड्यांना 30 आणि अंगाला घासणाऱ्या, घामेजलेल्या कपड्यांना, लेबल परवानगी देत असेल तर, 40 ही विभागणी अधिक न्याय्य वाटते. कापड मऊ करणाऱ्या द्रवाचा वापर मात्र खेळाच्या कपड्यांसाठी टाळलेलाच बरा. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि घाम पसरवून वाळवण्याची कापडाची क्षमता घटते.

2010च्या दशकात या चर्चेत धुताना कपड्यातून सुटून सांडपाण्यात जाणाऱ्या बारीक तंतूंचा मुद्दा आला. एक कपडा एका धुलाईत 1900हून अधिक तंतू सोडू शकतो, असे 2011 मध्ये एका अभ्यासाने दाखवल्यावर ही बाब घराबाहेरची राहिली नाही. पुढे असेही दिसले की, कापडाच्या प्रमाणात पाणी जास्त असलेली ‘नाजूक’ धुलाई तंतू अधिक सोडते. म्हणजे कपडा जपण्यासाठी वर्षानुवर्षे दिलेला सल्ला पाण्याच्या प्रदूषणाच्या दृष्टीने उलटा ठरला. मशीन पुरेसे भरून, कमी वेळाची धुलाई निवडणे हा त्यातला व्यवहार्य मार्ग आहे. फ्रान्सने 2020च्या कायद्यात, 2025पासून नव्या मशीनना तंतू अडवणारी सोय असावी अशी तरतूद केली. कॅलिफोर्नियात मात्र विधिमंडळाने मंजूर केलेले असेच विधेयक 2023 मध्ये राज्यपालांच्या नकाराधिकाराने थांबले. नव्या कपड्यातून तंतू सर्वाधिक सुटतात ते पहिल्या काही धुलाईंत, आणि त्या कारखान्यातच उरकून तिथले पाणी गाळण्याचा पर्याय या दोन्ही ठिकाणच्या चर्चेत घरच्या मशीनच्या मागे पडला.