पैसा कथाईन येस? रील्सच्या कमाईची मागची गोष्ट

२०२३ च्या पावसाळ्यात शिरपूर तालुक्यात, यूट्यूबवर अहिराणी या आमच्या बोलीत छोटे व्हिडिओ टाकणाऱ्या माझ्या भाच्याच्या घरी पोस्टमनने एक पांढरा लिफाफा टाकला. वर सगळं इंग्रजी, आत सहा आकडी पिन. त्याच्या आजोबांना वाटलं, पीककर्जाची नोटीस आली. त्यांनी तो देवघरातल्या पोथीखाली सरकवला आणि कुणाला सांगितलंच नाही. इकडे भाचा रोज पोस्टात चकरा मारतोय. अ‍ॅडसेन्सच्या खात्यात, म्हणजे गूगल जाहिरातीचे पैसे जमवतं तिथे, दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे तपासायला गूगल असं पत्र धाडतं, आणि त्यातला पिन भरला नाही तर पैसे अडकतात. एकादशीला पोथी उघडली तेव्हा पत्र सापडलं. पिन भरला. मग कळलं की शंभर डॉलर पुरे झाल्याशिवाय बँकेत दमडी येत नाही.

"पण पैसा कथाईन येस?" म्हणजे पैसा येतो कुठून, असं आजोबांनी अहिराणीत विचारलं. भाच्याला सांगता येईना. तेव्हा मलाही आलं नसतं.

आमच्याकडे खानदेशात गाऊन-हसवून पैसे मिळवायची रीत जुनी आहे. जत्रेतला तमाशाचा फड, लग्नातला बँड, रात्रभर चालणारं वहीगायन, या सगळ्याचा व्यवहार सोपा होता. सुपारी ठरायची, इसार मिळायचा, बाकीचे पैसे कार्यक्रम झाल्यावर. समोर बसलेला माणूस किंवा त्याचं गाव पैसे द्यायचं. कॅसेट आली आणि पहिल्यांदाच कला आणि कलावंत वेगळे झाले. कानबाईची, आखाजीची, अशी आमच्या सणांची गाणी एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर वाजू लागली, विकली जाऊ लागली. गाणाऱ्याला बहुतेक वेळा एकरकमी पैसे मिळायचे. कॅसेट किती खपली याच्याशी त्याचा संबंध उरायचा नाही. ही एकरकमीची सवय लक्षात ठेवा, पुढे ती महागात पडते.

मग व्हिडिओ. मालेगाव कागदोपत्री नाशिक जिल्ह्यात असलं तरी बोलीने आणि बाजाराने आमच्या अंगणातलंच. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली एका गाजलेल्या हिंदी सिनेमाचं विडंबन गावातल्या माणसांना घेऊन शूट केलं, आणि यंत्रमागाच्या त्या गावात सिनेमे काढायची साथच आली. पुढे त्याच मातीतून खानदेशी विनोदी व्हिडिओंच्या सीडी निघाल्या. सीडी विकली तर पैसा. पण एकाने विकत घेतली की दुसऱ्या दिवशी तिच्या दहा नकला बाजारात.

नकलेचा कळस म्हणजे मेमरी कार्ड. आता पंचविशीत असलेल्यांना हे आठवत असेल. मोबाइल रिचार्जच्या दुकानात कॉम्प्युटर, त्याला लटकलेला कार्ड रीडर, आणि काचेवर चिकटवलेला कागद: 'डाऊनलोडिंग करून मिळेल'. दहा-वीस रुपयांत दुकानदार कार्ड भरून द्यायचा. अहिराणी गाणी, कॉमेडी, आरत्या, आणि गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर आणखीही काही. अमळनेरच्या एका दुकानात मी स्वतः 'अहिराणी फुल' नावाचं फोल्डर बघितलंय. दोनशेच्या वर फाइली होत्या, त्यातल्या एकाही कलावंताला त्यातून एक रुपया गेला नसणार. तरी याच दुकानांनी अहिराणीचा प्रेक्षक जिवंत ठेवला. सुरतच्या लिंबायत-उधन्यात कामाला गेलेली आमची पोरं गावाकडून जाताना कार्ड भरून न्यायची.

तिकडे अमेरिकेत दुसरंच गणित मांडलं जात होतं. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झालं, २००६ मध्ये गूगलने ते १६५ कोटी डॉलरला घेतलं, आणि मे २००७ मध्ये निवडक लोकांसाठी पार्टनर प्रोग्राम आणला. व्हिडिओवर जाहिरात लागेल आणि तिचे पैसे व्हिडिओ करणाऱ्याशी वाटून घेतले जातील, असा तो करार. नेहमीच्या लांब व्हिडिओला करणाऱ्याचा वाटा ५५ टक्के. त्याच वर्षी 'कंटेंट आयडी' आलं. म्हणजे तुमचं गाणं दुसऱ्याने टाकलं तरी यंत्र ते ओळखतं आणि जाहिरातीचा पैसा हक्क नोंदवलेल्या माणसाकडे वळवतं. नोंदवलेल्याकडे, गाणाऱ्याकडे नव्हे. एकरकमी पैसे घेऊन गाणं देऊन टाकलेल्या कितीतरी जुन्या कलावंतांचा हिशेब इथेच मिटला.

छोट्या व्हिडिओचा पहिला मोठा प्रयोग मात्र आपटला. जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या व्हाइन या अमेरिकी अ‍ॅपवर सहा सेकंदांचे व्हिडिओ असायचे. त्यावर लोक वेडे झाले, पण सहा सेकंदांत जाहिरात कुठे बसवणार? २०१५ मध्ये तिथले अठरा बडे कलाकार कंपनीसमोर बसले आणि म्हणाले, प्रत्येकी बारा लाख डॉलर द्या, नाहीतर आम्ही चाललो. कंपनीने दिले नाहीत, ते गेले. ऑक्टोबर २०१६ मध्ये व्हाइन बंद करत असल्याची घोषणा झाली. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ या सहा सेकंदांत आहे. लांब व्हिडिओत जाहिरात कुठल्या व्हिडिओवर लागली ते कळतं. छोटे व्हिडिओ अंगठ्याने एकामागून एक सरकतात आणि जाहिरात दोन व्हिडिओंच्या मधे कुठेतरी येते. मग ती नेमकी कुणाची कमाई?

व्हाइन बंद होणार ही घोषणा व्हायच्या काही आठवडे आधी, ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ सुरू झालं. मेमरी कार्डवाला दुकानदार वर्षभरात कव्हर आणि चार्जर विकू लागला. मालेगावच्या 'छोटू दादा'चे खानदेशी विनोदी व्हिडिओ कोट्यवधी वेळा बघितले गेले. तोवर यूट्यूबने दारही आवळलं होतं: जानेवारी २०१८ पासून जाहिरातीच्या वाट्यासाठी किमान एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघितलं गेल्याची अट आली. कॅमेरा, एडिटिंग, पाचसात माणसं जमवणाऱ्यालाच ते झेपणारं.

टिकटॉकने ते ओझंच काढून टाकलं. ऑगस्ट २०१८ मध्ये म्युझिकली हे तसंच दुसरं अ‍ॅप त्यात विलीन झालं आणि पंधरा सेकंदांत केळीच्या बागेत, कापूस वेचताना, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून कुणीही 'स्टार' व्हायला लागलं. पैसा? टिकटॉक भारतात व्ह्यूजवर पैसे देत नव्हतं. मिळाली ती ओळख. आणि ओळखीचं काय करायचं हे खानदेशाला सांगावं लागत नाही. गणपतीला, दहीहंडीला, दुकानाच्या उद्घाटनाला बोलावणी येऊ लागली. सुपारी परत आली.

२९ जून २०२० ला, गलवानच्या चकमकीनंतर दोन आठवड्यांनी, केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅप बंद केली. टिकटॉक त्यात होतं. पोरांचे लाखांतले फॉलोअर रातोरात गेले. महिनाही झाला नाही तोच टिकटॉकने अमेरिकेत २० कोटी डॉलरचा क्रिएटर फंड जाहीर केला. आमच्या पोरांनी शेत नांगरून ठेवलं आणि पाऊस शेजारच्या शिवारात पडला!

रिकाम्या जागेवर सगळे तुटून पडले. मोज, जोश, एमएक्स टकाटक असे देशी पर्याय काही दिवसांत उभे राहिले. इन्स्टाग्रामने ८ जुलै २०२० ला भारतात रील्स आणलं. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची, म्हणजे आपल्या छोट्या व्हिडिओंची, पहिली चाचणी भारतातच घेतली. लोकांना ओढायला आता पैसे दाखवणं भाग होतं, म्हणून २०२१ मध्ये यूट्यूबने दहा कोटी डॉलरचा शॉर्ट्स फंड काढला. निवड झालेल्याला महिन्याला शंभर ते दहा हजार डॉलर. इन्स्टाग्राम-फेसबुकची मालक कंपनी मेटानेही रील्ससाठी बोनस सुरू केला, आणि मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत तो थांबवला.

फंडाची गोम सोपी आहे. मडकं ठरलेलं, जेवणारे वाढत जाणारे. हँक ग्रीन या अमेरिकी यूट्यूबरने जानेवारी २०२२ मध्ये टिकटॉकच्या फंडाबद्दल जाहीरपणे हेच मांडलं: अ‍ॅप जितकं वाढेल तितकं एकेकाच्या वाट्याला कमी येईल. शिवाय फंड ही मर्जी. यंदा आहे, पुढच्या वर्षी नाही.

मग १ फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्सवर जाहिरातीचा वाटा मिळू लागला. दार उघडायला एक हजार सबस्क्रायबर आणि नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज. भाचा यातूनच आत गेला. त्याची बकरीशी अहिराणीत भांडणारी म्हातारी, म्हणजे तो स्वतःच लुगडं नेसून, सुरतेपासून भुसावळपर्यंत फिरली.

इथला हिशेब आजोबांना समजवायला मला बाजार समितीत शिरावं लागलं. शॉर्ट्सच्या मधे लागलेल्या जाहिरातींचा महिन्याचा पैसा आधी एकत्र होतो. व्हिडिओत दुसऱ्याचं एक गाणं असेल तर त्या व्ह्यूजचा अर्धा पैसा गाण्याच्या हक्कांकडे जातो. दोन गाणी असतील तर दोन तृतीयांश. गाणं नसेल तर सगळा पैसा कलावंतांच्या ढिगात. मग त्या देशातल्या एकूण पात्र व्ह्यूजमध्ये तुमचे किती, त्या प्रमाणात ढिगातला हिस्सा तुमच्या नावे लागतो, आणि त्यातले ४५ टक्के तुमचे, ५५ यूट्यूबचे. "मंग हाई कटतीच शे ना!" आजोबा म्हणाले. त्यांना कापसाची कटती, म्हणजे मापातली काटछाट, माहीत होती. पण या ढिगाची एक खोड त्यांनाही चकवून गेली. भाच्याने स्वतःच्या आवाजात, एकही गाणं न वापरता व्हिडिओ केला काय आणि शेजारच्याने सिनेमाच्या गाण्यावर ओठ हलवले काय, दोघांना आपापल्या हिश्शाचे ४५ टक्केच. गाण्याची कटती सगळ्या ढिगातून होते, एकट्या ओठ हलवणाऱ्याच्या खिशातून नाही.

इन्स्टाग्रामवर तर असा ठरलेला वाटाही नाही. फेसबुकने ऑक्टोबर २०२४ पासून रील, फोटो, पोस्ट या सगळ्यांची कमाई एकाच योजनेत आणायला सुरुवात केली, आणि गावाकडे फेसबुक अजून मेलेलं नाही, हे पुण्यातल्या लोकांना सांगूनही पटत नाही.

तेव्हा बहुतेकांचं घर चालतं ते दुकानांवर. जळगावचा सराफ, धुळ्याचं साडीचं दुकान, हायवेवरचा शेवभाजीचा ढाबा, ट्रॅक्टरची एजन्सी. भाच्याची पहिली जाहिरात दीड हजार रुपये आणि आईला एक साडी. दुसरीचे पैसे दुकानदाराने आजतागायत दिले नाहीत. रील टाकली, लोक दुकानात आले, आणि मालक म्हणतो, "लोक तर येतच होते." तेव्हापासून भाचा निम्मे पैसे आधी घेतो. त्याला वाटतं ही शक्कल त्याची आहे. तमाशाचे फड शंभर वर्षं इसार घेत आले.

या जाहिरातींना नियम लागले ते उशिरा. जाहिरात मानक परिषदेने जून २०२१ पासून पैसे घेऊन केलेल्या रीलवर तसं लिहायला सांगितलं, जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक मंत्रालयाने सूचना काढल्या. आमच्याकडे 'पेड' असं लिहिलेली रील मला अजून दिसायची आहे. १ जुलै २०२२ पासून प्राप्तिकराचं १९४ आर कलम आलं: जाहिरातीसाठी मिळालेली वस्तू ठेवून घेतली आणि वर्षातला असा लाभ वीस हजारांवर गेला, तर देणाऱ्याने दहा टक्के कर कापायचा. साडी त्यात बसत नाही, मोबाइल बसू शकतो.

सगळ्यात मोठे आकडे यायचे ते सट्ट्याच्या अ‍ॅपांकडून. रंग ओळखा, पैसे दुप्पट. एका टेलिग्राम खात्यावरून भाच्याला महिन्याला एवढी रक्कम देऊ केली गेली की शॉर्ट्समधून तेवढी मिळायला त्याला वर्ष लागलं असतं. त्याने नाही म्हटलं. त्याच्या ओळखीतल्या दोघांनी हो म्हटलं, आणि गावातल्या ज्या पोरांचे पैसे बुडाले त्यांनी अ‍ॅपला नाही, या दोघांना गाठलं. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या अशा खेळांची जाहिरात करणं हाच गुन्हा ठरवला.

३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजायची रीतही बदलली. व्हिडिओ सुरू झाला की व्ह्यू धरायचा. पैसे मात्र पूर्वीच्याच कडक मोजणीवर. भाच्याच्या म्हातारीचे आकडे एकदम फुगले. त्याने आजोबांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, "आनि बँकमा?"

बँकेत तेवढेच होते. आकडा मात्र त्याने साडीच्या दुकानदाराला पाठवला, आणि दिवाळीच्या रीलचा भाव पाचशेने वाढवून घेतला.